कॅमेरा खिशात आला, डोक्यात कधी येणार?



शिरोळ तालुक्यातील कोणत्याही गावच्या यात्रेत आज नजर टाका. ज्याच्या त्याच्या हातात फोन, आणि फोनच्या पाठीवर एक नाही तर दोन-तीन कॅमेरे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या वस्तूसाठी तालुक्याच्या गावी जाऊन फोटो स्टुडिओची पायरी चढावी लागे, ती आता लहान मुलाच्याही हाती लागते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या कॅमेऱ्यात प्रतिमा कशी तयार होते असे विचारले, तर उत्तर बहुधा असे येते : ‘बटण दाबले की फोटो निघतो.’

या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. ज्या शाळेतून विद्यार्थी स्वतःच्या हाताने एकही साधा कॅमेरा न बनवता बाहेर पडतो, त्या शाळेने प्रकाशाचा धडा पुरा शिकवला असे म्हणता येणार नाही. मत थोडे कडक आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून कारणे देतो. पटली तर स्वीकारा; न पटली तर खोडून काढा. विज्ञानात दोन्हींना सारखाच मान आहे.

अर्ध्या भिंगाचा प्रश्न

पदार्थविज्ञानाच्या वर्गात नव्याने येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न नेहमी विचारतो. बहिर्वक्र भिंगाने खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला, तर भिंतीवर काय दिसेल? बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, ‘अर्धी खिडकी दिसेल.’ यांतील कित्येकांना भिंगाचे सूत्र पाठ असते, किरणाकृतीही बिनचूक काढता येते. तरीही उत्तर चूक असते.

खरे उत्तर असे : खिडकी पूर्णच दिसते, फक्त अंधूक होते. खिडकीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश संपूर्ण भिंगावर पसरतो, आणि भिंगाचा प्रत्येक भाग त्या बिंदूची प्रतिमा एकाच जागी आणून सोडतो. निम्मे भिंग झाकले म्हणजे निम्मे कामगार कमी झाले. काम तेच, पण प्रकाश निम्मा. किरणाकृतीत आपण सोयीसाठी दोन-तीनच किरण काढतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की प्रकाश त्या दोन-तीन रेघांनीच जातो. ही समजूत फळ्यावर दुरुस्त होत नाही. हातात भिंग आणि पुठ्ठा घेतला, तर अर्ध्या मिनिटात होते.

खोली म्हणजेच कॅमेरा

‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खोली असा आहे. पहिला कॅमेरा ही खरोखरच एक अंधारी खोली होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल्‌-हैथम या अरब शास्त्रज्ञाने बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत पडणाऱ्या प्रतिमांचा पद्धतशीर अभ्यास केला. पण छिद्राची ही किमया पाहायला इतके मागे जायला नको. दुपारी चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली बसा आणि जमिनीवरचे कवडसे पाहा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, कवडसे मात्र गोल किंवा लंबगोल. का बरे? कारण तो आकार फटीचा नसून सूर्याचा आहे! प्रत्येक फट एक सूचिछिद्र प्रतिमाग्राहक आहे आणि प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा आहे. छिद्रापासून पडदा जितका दूर, त्याच्या साधारण १०७ व्या भागाइतका सूर्याच्या प्रतिमेचा व्यास असतो. छिद्र एक मीटर अंतरावर असेल तर प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटरची. दहा मीटरवर असेल तर सुमारे ९ सेंटिमीटरची. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, तेव्हा जिथे जिथे ऊन होते तिथे झाडाखालचे कवडसेही कोरीसारखे झाले होते.

आता आपल्याच तालुक्यातील खिद्रापूरला चला. तेथील कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला माथ्यावर सुमारे १३ फूट व्यासाचे गोल उघडे गवाक्ष आहे. त्यातून खाली पडणारे ऊनही गोल दिसते. मग तीही सूर्याची प्रतिमाच का? नाही. १३ फुटांचे छिद्र सूर्यासाठी ‘सूक्ष्म’ ठरायचे, तर जमीन त्याच्याखाली १३ गुणिले १०७, म्हणजे सुमारे १,४०० फुटांहून कितीतरी अधिक खोल असावी लागेल. मंडप एवढा उंच अर्थातच नाही. तेव्हा तिथला गोल हा गवाक्षाचा आणि कडुनिंबाखालचा गोल हा सूर्याचा. दोन्ही गोल डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांतील फरक फक्त विचार करणाऱ्याला दिसतो. कॅमेरा समजणे म्हणजे हा फरक समजणे.

चार प्रश्न, अनेक कॅमेरे

कॅमेऱ्यांचे प्रकार पाठ करू नका. पेटी कॅमेरा, घडीचा कॅमेरा, रिफ्लेक्स कॅमेरा, सिनेकॅमेरा, डिजिटल कॅमेरा ही यादी न संपणारी आहे. त्याऐवजी कोणत्याही कॅमेऱ्याला चार प्रश्न विचारा. प्रतिमा कोण पाडतो? प्रकाश किती येऊ द्यायचा हे कोण ठरवतो? नेमके काय टिपले जाणार हे आधी कसे दिसते? आणि पडलेली प्रतिमा कोण टिपून ठेवतो? कॅमेऱ्यांचे प्रकार म्हणजे या चार प्रश्नांची निरनिराळी उत्तरे होत.

पहिला प्रश्न. सूचिछिद्रही प्रतिमा पाडते, मग भिंग कशाला? थोडा हिशेब करू. २० सेंटिमीटर लांबीच्या पेटीला सुमारे ०.६ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. याहून मोठे केले तर प्रतिमा पसरट होते. फार लहान केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे पुन्हा पसरट होते. आता २०० भागिले ०.६ म्हणजे सुमारे ३३३. छायाचित्रकाराच्या भाषेत हे छिद्र एफ/३३३ झाले. साध्या भिंगाचा कॅमेरा एफ/८ वर सहज चालतो. येणारा प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून भिंगातून त्या छिद्राच्या सुमारे १,७०० पट प्रकाश येतो. जे चित्र भिंगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात निघते, त्याला सूचिछिद्राने १७ सेकंद लागतील. तेवढा वेळ स्तब्ध कोण बसणार? भिंग हवे ते एवढ्यासाठी. पण भिंगाची किंमतही मोजावी लागते. सूचिछिद्रात जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसते. भिंगाला मात्र अंतराप्रमाणे पुढेमागे सरकावे लागते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग दूरच्या डोंगरासाठी पडद्यापासून ५० मिलिमीटरवर हवे, तर एक मीटरवरील माणसासाठी सुमारे ५२.६ मिलिमीटरवर. आपला डोळा हेच काम भिंगाची वक्रता बदलून करतो. ‘डोळा हा कॅमेराच आहे’ असे आपण म्हणतो, ते इथे पुरते खरे नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शटर आणि डायाफ्रॅम देतात. विहिरीवरून बादली भरायची, तर नळ मोठा सोडून थोडा वेळ धरा किंवा बारीक सोडून जास्त वेळ धरा, पाणी तेवढेच. डायाफ्रॅम हा नळाचा आकार, शटर ही वेळ.

तिसऱ्या प्रश्नावरून कॅमेऱ्यांची घराणी पडली. जुन्या स्टुडिओत छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून धुरकट काचेवर उलटी प्रतिमा पाही. पेटी कॅमेऱ्याला बाजूला नुसती एक छोटी खिडकी असे. आपल्याकडे एके काळी घराघरांत पोहोचलेला आग्फा क्लिक थ्री हा असाच साधा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे निघत. दोन भिंगांच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात वरचे भिंग बघण्यासाठी आणि खालचे टिपण्यासाठी. एक भिंगाच्या रिफ्लेक्समध्ये आरसा आणि पंचकोनी लोलक त्याच भिंगातली प्रतिमा सुलटी करून डोळ्याला दाखवतात. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो. आता आरसाही गेला. संवेदकावर पडलेली प्रतिमाच सरळ पडद्यावर दिसते.

चौथ्या प्रश्नाला सर्वांत जास्त काळ उत्तर नव्हते. प्रतिमा पडे, पण टिकत नसे. १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्सच्या निएप्स याने डांबराचा लेप दिलेल्या धातूच्या पत्र्यावर खिडकीबाहेरचे दृश्य टिपले. त्याला कित्येक तास लागले. १८३९ मध्ये दागेर याची चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरची पद्धत जगापुढे आली. पुढे शतकाहून अधिक काळ सिल्व्हर ब्रोमाईडच्या बारीक स्फटिकांनी हे काम केले. स्फटिकावर प्रकाश पडला की त्यात चांदीचे अगदी मोजके अणू मोकळे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण विकासक द्रव तेवढी खूण ओळखून सगळ्या स्फटिकाची चांदी करतो. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बॉयल आणि स्मिथ यांनी सीसीडी हा अर्धवाहक शोधला, आणि १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र अवघ्या १०० गुणिले १०० ठिपक्यांचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. तुमच्या फोनचे हे आजोबा!

कोल्हापूरने कॅमेरा बनवला होता

‘हे सगळे परदेशात झाले, आपण फक्त विकत घ्यायचे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा मानस्तंभ दाखवा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कोल्हापूरचे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांनी सिनेकॅमेरा स्वतःच बनवायचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने काम चालू ठेवले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांनी पाहिला.

या कामाची अवघड बाजू पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपत. म्हणजे सेकंदातून १६ वेळा फिल्म एक घर पुढे ओढायची, पूर्ण थांबवायची, मग फिरत्या शटरची फट समोर आणायची, प्रकाश घ्यायचा, पुन्हा अंधार करून पुढचे घर ओढायचे. फिल्म हलत असताना फट उघडी राहिली, तर चित्र फरफटले. फिल्मवरचे सुमारे २५ मिलिमीटर रुंदीचे चित्र तीन मीटर रुंद पडद्यावर १२० पट मोठे होते. कॅमेऱ्यात फिल्म एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर पडद्यावर चित्र १२ मिलिमीटर उडी मारते. एवढी अचूकता त्या काळात हाताने साधायची होती!

प्रकाशाचा मार्ग उलट फिरवता येतो हे तुम्ही शिकला आहात. प्रक्षेपकात आत दिवा आणि बाहेर पडदा. कॅमेऱ्यात बाहेर उजेड आणि आत फिल्म. फिल्म थांबवत-थांबवत ओढण्याची गरज दोन्हींकडे सारखीच. ज्याला एक यंत्र समजले, त्याला दुसऱ्याची वाट दिसते. हे दोघे विज्ञानाचे पदवीधर नव्हते. पण समोरच्या यंत्राला ‘हे असे का?’ असे विचारायची सवय त्यांना होती. आपल्याकडे आज पदव्या आहेत आणि यंत्रे तर खिशातच आहेत. सवय मात्र सुटत चालली आहे, आणि मला काळजी वाटते ती याची.

फोन चित्र काढतो की रचतो?

यावर कोणी म्हणेल, ‘फोन सगळे आपोआप करतो, मग समजून काय उपयोग?’ उपयोग आहे, आणि तो परीक्षेपेक्षा मोठा आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला खिद्रापूरच्या स्वर्गमंडपावर चंद्र आला की त्याचे चित्र घ्यायला लोक जमतात. चंद्राचाही आभासी व्यास सूर्याएवढाच, म्हणून तोच १०७ चा नियम इथे लागू पडतो. फोनच्या भिंगाचे नाभीय अंतर ६ मिलिमीटर धरले, तर संवेदकावर चंद्राची प्रतिमा ६ भागिले १०७, म्हणजे मिलिमीटरच्या अठराव्या भागाएवढी पडेल. संवेदकाचा एक ठिपका हजारांश मिलिमीटरचा धरला, तर सारा चंद्र ५५-५६ ठिपक्यांच्या रुंदीत बसला! त्यात किती डाग दिसणार? तरीही एखाद्या फोनवर चंद्र अगदी ठसठशीत येतो. काही फोनांत दूरचे दृश्य आणणारे वेगळे भिंग असते. काहींत मात्र चंद्र ओळखून त्याचे तपशील संगणकीय रीतीने ठळक करण्याची सोय असते. मग ते चित्र प्रकाशाने काढले की आकडेमोडीने?

साध्या चित्रातही आकडेमोड असतेच. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर ठिपक्याठिपक्याला लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे रंगांच्या एकूण आकड्यांपैकी दोन-तृतीयांश आकडे मोजलेले नसून काढलेले असतात. यात लबाडी नाही. पद्धत उत्तम आहे. पण ‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ हे वाक्य ऐकले की हा आकडा आठवावा.

ही गोष्ट आपल्या तालुक्याला तर फारच जवळची आहे. कृष्णा-पंचगंगेचा महापूर आपण २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिला. अशा दिवसांत फोनवर चित्रांचाही पूर येतो, आणि त्यात मागच्या पुराची चित्रे आजची म्हणून सहज मिसळून जातात. दूर उभे राहून मोठ्या नाभीय अंतराच्या भिंगाने घेतलेल्या चित्रात मागेपुढे असलेल्या वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. मैलभर पलीकडचे पाणी घराच्या पाठीशी आल्यासारखे वाटते. चित्र खोटे नसते, पण वाचता आले नाही तर भीती मात्र पसरते. कॅमेरा समजलेला विद्यार्थी अशा वेळी विचारतो : हे कुठून घेतले? सावल्या कोणत्या बाजूला आहेत? ढगाळ दिवशी एवढे ऊन कुठून आले? असे विचारणारी चार मुले गावात असली, तर अफवा पुढे सरकत नाही.

शिवाय उद्याची कामे पाहा. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परावर्तित करतात. पीक आजारी पडले की हे प्रमाण बदलते. ड्रोन आणि उपग्रह यांवरील कॅमेरे हे टिपतात. आपल्या भागातील क्षारपड जमिनीचा विस्तार वरून पाहता येतो तो असाच. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा उतरायची जागा सपाट आहे का हे पाहायलाही कॅमेराच होता. हे कॅमेरे कोणी तरी बनवतो आणि कोणी तरी त्यांची चित्रे वाचतो. तो ‘कोणी तरी’ शिरोळचा का नसावा?

मग करायचे काय?

शिक्षक बंधुभगिनींची अडचण मी जाणतो. तासिका मोजक्या, अभ्यासक्रम मोठा, प्रयोगशाळेला पैसा नाही. पण सूचिछिद्र प्रतिमाग्राहक आणि भिंगे पुस्तकात आहेतच. नवे काही वाढवायचे नाही. खर्चाचे म्हणाल, तर बुटांचे रिकामे खोके, आतून काळा कागद, एका बाजूला चांदीच्या कागदात टाचणीने पाडलेले छिद्र आणि दुसऱ्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद, एवढ्यावर कॅमेरा उभा राहतो. डोक्यावर शाल घेऊन उन्हातले झाड पाहा. झाड उलटे दिसेल.

त्याहून सोपे म्हणजे अख्खा वर्गच कॅमेरा करा. उन्हे चांगली असताना मैदानाकडच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद करा, दाराच्या फटी गोणपाटाने बुजवा आणि कागदाला सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र पाडा. आत पाच-दहा मिनिटे शांत बसा. डोळे सरावले की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मैदान रंगांसकट उलटे उतरलेले दिसेल, आणि बाहेरची मुले डोके खाली करून धावताना दिसतील. मग छिद्रापुढे जुन्या चष्म्याचे बहिर्वक्र भिंग धरा आणि पांढरा पुठ्ठा पुढेमागे सरकवून बघा, काय बदलते. नंतर भिंग अर्धे झाकायला विसरू नका! फोनही फेकून देऊ नका. त्याच्यासमोर पंखा फिरता ठेवून चित्र घ्या. पाती वाकडी का दिसतात? संवेदक सगळे चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो, हे उत्तर त्या पात्यांतच लिहिलेले असते.

एक तारीख वहीत टिपून ठेवा : २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. पावसाळा आहे, ढग दगा देऊ शकतात. पण ऊन पडले, तर सूर्याकडे पाहायचे नाही. डोळ्यांनी नाही, भिंगातून तर मुळीच नाही. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडा आणि त्याची सावली पांढऱ्या कागदावर घ्या. छिद्र गोल असेल, चौकोनी असेल, तिकोनी असेल, कागदावर मात्र कोरच उमटेल.

तोवर पेटी तयार ठेवा. पेटी वाकडी झाली तरी चालेल, ती तुमच्या हातची असली म्हणजे झाले.